रस्त्याचाही पंचनामा करा

पुण्यात रस्त्यावर माणूस गेला की दुसऱ्या दिवशीची बातमी डोळे मिटून लिहिता येते. ‘भरधाव वेगाने, हयगयीने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून वाहन चालवल्याप्रकरणी’ चालकावर गुन्हा दाखल. पूर्वी भारतीय दंड संहितेतलं ३०४ अ लागायचं, आता न्याय संहितेतलं १०६ लागतं. पंचनाम्यात गाडीचा नंबर येतो, ब्रेकच्या खुणा येतात, चपला कुठे पडल्या होत्या तेही येतं. रस्ता मात्र कधीच आरोपी नसतो. तिथे फुटपाथ होता का, झेब्राचे पट्टे दिसत होते का, खांबावरचा दिवा पेटत होता का, हे विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही. ती पाडायला हवी, आणि ती आपणच पाडू शकतो.

आधी हिशेब. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, महाराष्ट्रात १५,२२४. मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के चक्क पायी चालत होते. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश मृत्यू ज्यांच्याभोवती पत्रा नव्हता त्यांचे. पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत वर्षाला तीनशेच्या आगेमागे माणसं जातात. पिंपरी-चिंचवडचा आकडा त्याहून निराळा.

यातल्या मोजक्याच मृत्यूंवर आपण पेटून उठतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं आणि अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा अख्खा देश चिडला. चिडायलाच हवं होतं. पण पोर्शे क्वचित येते. रोज येतो तो डंपर, मिक्सर, पाण्याचा टँकर, राँग साइडने घुसलेली दुचाकी आणि रात्री अकरानंतर मोकळ्या रस्त्यावर ऐंशीने सुटलेली कुठलीही साधी गाडी. त्यांनी मारलेल्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

सातारा रस्ता, कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, कुठल्याही हमरस्त्यावर दवाखान्यातून घरी निघालेल्या आजींच्या मागे दहा मिनिटं चाला. फुटपाथ आहे, नाही असं नाही. पण तो गुडघ्याला येईल इतका उंच, म्हणून चढताना खांब धरावा लागतो. वीस पावलांवर महावितरणचा डीपी बॉक्स. त्याला वळसा घालून पुढे गेलं तर पेव्हर ब्लॉक उखडलेले, मग एका दुकानाचा बोर्ड, मग लावलेल्या गाड्या. आजी खाली उतरतात. उतरल्या की त्या डांबरावर, डाव्या कडेला, पाठीमागून येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून. एवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजतो आणि कोणीतरी ओरडतं, ‘आजी, फुटपाथवरून चाला की!’

मग चौक. रस्ता चोवीस मीटर रुंद असेल आणि आजी सेकंदाला पाऊण मीटर चालत असतील, तर पलीकडे पोचायला बत्तीस सेकंद लागतात. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा बऱ्याच चौकांत याच्या निम्माही टिकत नाही, आणि टिकला तरी फ्री लेफ्टवाले थांबत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना २०१२ पासून सांगताहेत की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ चं आहे. कागद कमी पडलेला नाही.

वेगाचं गणित तर शाळकरी पोरालाही कळेल. ताशी ५० ने जाणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर कापते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हा सेकंद गेलेला असतो. ताशी ३० ला तीच गाडी आठ मीटर जाते, आणि त्या वेगाने बसलेल्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो. आपण मात्र चौक फोडून उड्डाणपूल बांधले, रस्ते एकेरी केले, दुभाजक लांबवले. दिवसा कोंडी तशीच राहिली. रात्री मात्र त्याच रस्त्यांची धावपट्टी झाली. कोंडी फोडणं आणि जीव वाचवणं ही एकच योजना असल्यासारखं आपल्याला विकलं गेलं. एवढा मोठा थापेबाजीचा नमुना शोधूनही सापडणार नाही.

रस्ता माणूस कसा मारतो हे ज्याला बघायचं असेल त्याने नवले पूल बघावा. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुण्याकडे सलग उतार लागतो. जड गाड्या त्यावर सुटतात. काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, सतत दाबून ब्रेक तापतात, आणि उताराच्या तळाशी शहराची गर्दी उभीच असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने डझनावारी गाड्या चिरडल्या. पाहणी झाली, रम्बलर बसले, फलक लागले. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा त्याच उतारावर कंटेनर सुटला, आग लागली, आठ माणसं गेली. चालक वेगळे, मालक वेगळे, गाड्या वेगळ्या. समान काय होतं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

याचा अर्थ चालक निर्दोष, असा कोणी काढू नये. हेल्मेटचंच घ्या. २०२२ मध्ये देशभरात हेल्मेटविना गेलेले ५०,०२९. आणि पुण्यात सक्ती म्हटली की कृती समित्या निघतात, मोर्चे निघतात, केस गळण्यापासून मान दुखण्यापर्यंत युक्तिवाद होतात. पुणेकरांनी कशाकशाचा अभिमान बाळगावा याला काही मर्यादा? घाला मुकाट्याने.

पण हेल्मेट आजींना वाचवत नाही. त्यांना रस्ताच वाचवू शकतो, आणि रस्ता दुरुस्त झाला की मृत्यू कमी होतात हे शेजारीच सिद्ध झालंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जण मेले होते. मग प्रत्येक अपघाताची जागा तपासून कठडे, खांब, वळणं, गस्त, रुग्णवाहिका यांवर एकेक करून काम झालं, आणि काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. शहरातही जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ झाले तेव्हा दुकानदारांनी धंदा बुडेल म्हणून ओरड केली होती. आज तिथे संध्याकाळी बसायला बाक मिळत नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद होतो. लेकरं त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध खेळतात. वर्षातून एक दिवस.

कायदाही आता आपल्या बाजूला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ कलम आलं: रस्त्याच्या रचनेत, बांधणीत वा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. (एक लाख म्हणजे फार नाही, पण निदान आरोपीच्या रकान्यात नाव तरी येईल.) मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. हे कलम आणि हा निकाल कपाटात पडून राहिले तर दोष फक्त डंपरवाल्याचा नाही.

तेव्हा पायी चालणारं पुणं वाचवायचं असेल तर शोकसभेच्या मेणबत्त्या बाजूला ठेवा आणि कागद घ्या. तुमच्या भागात कोणी रस्त्यावर गेलं, तर आठवड्याच्या आत सोसायटीतले, शाळेतले, मंडळातले दहा जण त्या जागी जा. गणपतीत वर्गणीला दारोदार फिरणारी पोरं यात सगळ्यात उपयोगी, त्यांना घ्याच. टेप घेऊन फुटपाथ मोजा, उंची मोजा, हिरव्या दिव्याचे सेकंद मोजा, बंद दिव्यांचे फोटो रात्री काढा. ते कागद जोडून क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक विभागाला पत्र द्या, मोहल्ला कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवा. पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्याला भेटून विचारा: १९८ अ का लावलं नाही? महापालिका दर वर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. त्यात कमान आणि बाक सुचवणारे पुष्कळ असतात, या वर्षी कमी उंचीचा फुटपाथ आणि उंचावलेला झेब्रा सुचवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. साध्या कागदावर, मराठीत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून चालतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. पोच मात्र शिक्का मारून घ्या, तोंडी ‘बघतो’वर परत येऊ नका.