परसबागेतील भाज्यांची निवड कोणी करावी?

पावसाळ्याच्या तोंडी परसबागेची मोहीम निघाली म्हणजे गावोगाव बियाण्यांच्या पुड्या वाटण्यात येतात. बहुधा प्रत्येक घरी त्याच भाज्यांचे बी जाते व वाटप पुरे झाले की काम तडीस गेले असे समजले जाते. ही रीत बदलणे इष्ट आहे. कोणत्या भाज्या लावावयाच्या याचा निर्णय ज्या गृहिणीला त्या वाढवावयाच्या व शिजवावयाच्या आहेत, तिच्याकडे असावा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळली. केवळ पालेभाजीने रक्तक्षय हटेल असे नाही. तथापि भाकरीबरोबर रोज हिरवी भाजी व वर लिंबाची फोड असली, तर अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते.

बाजारात भाव येणारी भाजीच लावावी, असे काही शेतकरी म्हणतात. शेतापुरते ते रास्त आहे. परंतु दोन-चार वाफ्यांच्या जागेत कोबीचे रोप दोन-तीन महिने जागा अडविते आणि एकच गड्डा देते. तेवढ्या काळात मेथी दोनदा निघते. माठ खुडला तरी पुन्हा फुटतो. शेवगा एकदा लावला की अनेक वर्षे शेंगा व पाला देतो. वाफ्यांवर सावली पडू नये म्हणून तो उत्तरेच्या बाजूस लावावा. वाल, दोडका व कारली कुंपणावर चढविल्यास जमीन फारशी अडत नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळ उत्तम वाढतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीस मात्र ते पाणी देऊ नये.

बियाण्याचाही विचार व्हावा. संकरित वाणाचे घरी धरलेले बी मूळ गुणाचे निघत नाही. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावठी वालाचे बी घरी राखता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी वाण जतन केले व २०२० साली पद्मश्री सन्मानास त्या पात्र ठरल्या.

म्हणून कार्यकर्त्याने पुडी देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: उन्हाळ्यात पाणी किती उरते, परसात ऊन किती वेळ असते, मुले कोणती भाजी आवडीने खातात आणि घरात कोणते बी राखलेले आहे. उत्तरे घरोघर निराळी येतील, आणि त्याप्रमाणे बियाणेही निराळे द्यावे लागेल. यात श्रम अधिक आहेत, हे खरे. परंतु किती पुड्या वाटल्या यापेक्षा वैशाखात किती घरी परसातील भाजी शिजली, याची नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.