तेरा ठोके

आज औषधाऐवजी एक पुस्तक सुचवतो. फिलिपा पिअर्स यांची १९५८ सालची इंग्रजी बालकादंबरी ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’, नातवंडांसोबत वाचावी अशी.

भावाला गोवर आल्याने टॉमची रवानगी नातलगांकडे होते. संसर्गाच्या शंकेने तेथेही घराबाहेर पडण्यास बंदी. (डॉक्टर म्हणून मला हा आरंभ विशेष भावला!) रात्री जुने घड्याळ तेरा ठोके देते आणि मागील दारी गतकाळातील बाग अवतरते. तेथे हॅटी ही अनाथ मुलगी भेटते. दोघांचा वाद, भूत नक्की कोण? अखेरीस उलगडते, की वरच्या मजल्यावरील वृद्ध घरमालकीण हीच हॅटी. बाग तिच्या स्वप्नांतली.

‘घरात कोणाला कोणता आजार होता?’ असे दवाखान्यात विचारले, की आजीला एक बहीण होती हे नातवाला कधीकधी तेथेच प्रथम कळते. एरवी ‘आजीचे पुन्हा सुरू झाले’ म्हणून आपण विषय तोडतो. उतारवयात आयुष्याचा मागोवा घेणे स्वाभाविक आहे, असे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते. तेव्हा ऐकावे, कंठ दाटला तर मात्र खोदून विचारू नये.

परंतु कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती अचानक काळवेळ विसरली, दिवंगतांना हाका मारू लागली, तर ते स्मरणरंजन नव्हे. संसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नवे औषध यांमुळे असे होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.