जोखीम मोजावी, नाकारू नये

बँकेतले एक जुने सहकारी परवा घरी आले. चहा निवला तरी बोलेनात. मग एकदम म्हणाले, "आमचा धाकटा स्वतःला मुलगी मानतो. एकविसावं चालू आहे. दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेतो. उद्या हृदयाला काही झालं तर?"

प्रश्न बापाचा, पण तो समाजाचाही आहे.

इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. गोळीने अधिक, त्वचेवरच्या पट्टीने कमी. गर्भनिरोधक गोळ्यांत बहुधा असणारे इथिनाइल इस्ट्रॅडिओल याबाबतीत विशेष बदनाम आहे. जाणकार डॉक्टर या उपचारांत ते टाळतात. उलट, मुलगा होऊ पाहणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होते, हितकर कोलेस्टेरॉल घटते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या २०१९ मधील अभ्यासात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत पक्षाघात आणि गुठळ्या अधिक आढळल्या. तरुण वयात हा धोका मुळात लहान असतो. धूम्रपान आणि लठ्ठपणा तो वाढवतात. अवहेलनेचा ताणही हृदयाला बाधतो, याकडे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली लक्ष वेधले. अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत मात्र दीर्घकाळचा पुरावा तोकडा आहे. तिथे सावधगिरी अधिकच हवी.

कर्ज विभागात माझी निम्मी नोकरी गेली. जोखीम दिसली की अर्ज परत करणारा अधिकारी सुरक्षित राहतो, पण गरजू माणूस सावकाराच्या दारात जातो. जोखीम मोजायची असते, आणि कर्ज दिल्यावर खात्यावर नजर ठेवायची असते. इथेही आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि घराण्यातल्या आजारांची विचारपूस हवी. मग पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी. २०१९ च्या कायद्याने कलम १५ मध्ये संप्रेरक उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. तरीही पोर औषधाच्या दुकानात जाते, कारण तिथे कुणी काही विचारत नाही. खरा धोका त्या न विचारण्यात आहे.

"त्या गोळ्या आजच बंद करायला सांगा," मी म्हटले, "आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे तुम्ही बरोबर जा. एकटं पाठवू नका."

चपला घालता घालता ते थबकले. "केसपेपरवर नाव कुठलं लिहायचं?"

"ती सांगेल ते."