शाळेच्या दप्तरातील एक रकाना

शाळेत नवा विद्यार्थी दाखल झाला म्हणजे जनरल रजिस्टरात त्याच्या नावापुढे जातीचा वा जमातीचा रकाना भरला जातो. काम दोन मिनिटांचे. परंतु त्याचे फळ जन्मभर भोगावे लागते. भोकरदनासारख्या अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या तालुक्यात, जेथे भिल्लाच्या मुलासही शिकावयाचे आहे, तेथे सुज्ञ नागरिकांनी या रकान्याचा विचार अवश्य करावा.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५० साली अनुसूचित जमातींची यादी निघाली, तीत हैदराबाद राज्यापुरती भिल्ल, आंध इत्यादी नावे आली. आज जमातीच्या दाव्याची पडताळणी होते तेव्हा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे कागद मागितले जातात. ज्याच्या आजोबाने शाळेची पायरी पाहिली नाही, त्याने ते आणावे कोठून? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून आजच्या नोंदीचे मोल नातवंडांस कळेल.

मग आईबाप जमात सांगण्यास का कचरतात? कारण नाव विचारणाऱ्याचा हेतू त्यांस पूर्वी चांगला अनुभवास आलेला नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक कायद्याने पुसला जाण्यास १९५२ साल उजाडले. भर वर्गात ‘आदिवासी कोण, हात वर करा’ असे म्हटल्यास ज्याला लाज वाटेल, त्या मुलाचा दोष तो काय? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २००७ साली याविषयी धोरण आखले. त्यात मूलनिवासी विद्यार्थ्याने आपली ओळख स्वेच्छेने सांगावयाची व ती गुप्त राखावयाची असे ठरले.

कोणी म्हणेल, स्वेच्छेवर सोडल्यास तोतयांचे फावेल. ही शंका रास्त आहे. खोट्या दाखल्यांवर मिळविलेल्या नोकऱ्यांस संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले, ते योग्यच झाले. परंतु राखीव जागेचा हक्क ही एक गोष्ट आणि घरी निराळी बोली बोलणाऱ्या मुलास मराठी वाचनात साह्य देणे ही दुसरी. पहिलीस पुरावा हवाच. दुसरीस पालकाचा शब्द पुरे.

आमच्या मते तीन गोष्टी तत्काळ व्हाव्यात. नोंदीचा हेतू पालकांस त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. माहिती एकांतात घ्यावी. आणि लिहिलेली नोंद त्यांस वाचून दाखवावी. आमचे व्यापारी बंधू उधारी लिहिताना रक्कम कुळास ऐकवितात, कारण न ऐकविलेल्या नोंदीतून तंटा उपजतो, हे ते जाणतात. मग माणसाच्या नावाची नोंद रुपयाच्या नोंदीहून हलकी कशी मानावी? शाळा व्यवस्थापन समित्यांत बसणाऱ्यांनी येत्या जूनपूर्वी एवढे केले, तरी पुष्कळ झाले.