अपडेट होत नाही म्हणून जुनं अ‍ॅप काढून टाकताय? आधी हे वाचा

समजा, पावसमधल्या एका आंबा बागायतदाराने बागेत उभं राहून ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅपवर नोंद केली. रेंज नसल्याने ती फोनमध्येच राहिली. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘नवीन व्हर्जन’ म्हणून एक एपीके फाइल आली. ती टाकायला गेल्यावर फोनने सांगितलं, ‘अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड’. लगेच ग्रुपवर सल्ला आला, ‘आधी जुनं डिलीट करा, मग होईल.’

तसं केल्यावर खरंच होतं. धोकाही नेमका तिथेच आहे.

फोन का अडवतो?

अँड्रॉइड अ‍ॅप बनवणारा प्रत्येक जण त्यावर डिजिटल सही करतो. ती सही करण्याची गुप्त किल्ली त्याच्याकडेच असते. अपडेट आलं की फोन तपासतो: अ‍ॅपचं अंतर्गत नाव तेच आहे का? सही त्याच किल्लीची आहे का? व्हर्जनचा आकडा जुन्यापेक्षा कमी तर नाही ना? हे सगळं जुळलं, तरच नवं अ‍ॅप जुन्यावर बसतं आणि आतली माहिती तशीच राहते. बँकेत सही जुळली नाही की चेक परत येतो, तसंच हे.

जुनं काढल्यावर काय होतं?

ताडून पाहायला जुनी सहीच उरत नाही. त्यामुळे त्याच नावाचं बनावट अ‍ॅपही आत शिरू शकतं. शिवाय अपलोड न झालेली नोंद अ‍ॅपबरोबरच जाते.

म्हणजे प्रत्येक वेळी घोटाळाच असतो?

नाही. फोनमध्ये जागा नसेल किंवा फाइल अर्धवट उतरली असेल, तरी इन्स्टॉल अडतं. कधी अ‍ॅप बनवणाऱ्याकडूनच किल्ली हरवते. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अ‍ॅप्सच्या सहीची किल्ली गूगल सांभाळतं, त्यामुळे तिथे ही अडचण कमी झाली आहे.

सही असली की अ‍ॅप सुरक्षित?

तसंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती प्रत्यक्षात एपीके फाइल होती. ती उघडल्यावर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. असं अ‍ॅप फोनमध्ये पहिल्यांदाच येतं, त्यामुळे सही जुळवायला काही नसतं. सही एवढंच सांगते की अपडेट देणारा तोच आहे. तो प्रामाणिक आहे की नाही, हे ती सांगत नाही.

म्हणूनच अ‍ॅप बनवणाऱ्यांची ओळख पडताळण्याची योजना गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, तर २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतर देशांत ती लागू करण्याचं नियोजन आहे.

तोपर्यंत काय करायचं?

अपडेट प्ले स्टोअरवरूनच घ्या. अ‍ॅप काढावंच लागलं, तर आधी नोंदी अपलोड करा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.