गोळीआधी नोंदी तपासा

नागपूर जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. डिसेंबरमध्ये अहवाल आला. गोळीत ते प्रतिजैविक नव्हतेच! वेष्टनावर छापलेली उत्पादक कंपनीही अस्तित्वात नसल्याचे तपासात आढळले.

अशी गोळी घेणाऱ्या रुग्णाचा जंतुसंसर्ग वाढत जातो. डॉक्टरला वाटते, जंतू औषधाला दाद देत नाहीत. मग विनाकारण अधिक तीव्र प्रतिजैविक सुरू होते.

गोळीत काय आहे, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. त्याला वेळ लागतो. कंपनी आहे की नाही, हे कळायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. पुरवठ्याच्या नोंदीतील परवाना क्रमांक सरकारी परवान्यांच्या यादीशी संगणक काही क्षणांत ताडून पाहू शकतो. दोन 'स्पर्धक' निविदाकारांचा पत्ता किंवा बँक खाते एकच असणे, दर संशयास्पदरीत्या कमी असणे, हेही त्याच्या नजरेत येते.

अर्थात, ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. संगणकाने बोट दाखवले म्हणून पुरवठादार दोषी ठरत नाही आणि परवाना खरा म्हणून गोळी खरी ठरत नाही. चौकशी आणि प्रयोगशाळा दोन्ही हव्यातच. पण संशय आलेला साठा तोवर गोदामातच थांबवता येतो. म्हणून ही पडताळणी गोळ्या वॉर्डात जाण्याआधी सक्तीची हवी. नंतर केलेली पडताळणी म्हणजे केवळ शवविच्छेदन.