रत्नागिरीचा फसवा आकडा

स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असलेले दोनच जिल्हे २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आढळले : रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. साऱ्या राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. मुलगाच हवा या हव्यासाची चर्चा निघाली की हा आकडा समाधानाने पुढे केला जातो, आणि तो प्रश्न घाटावरचा म्हणून बाजूला सारला जातो. हे समाधान फसवे आहे. रत्नागिरीत त्या वर्षी स्त्रिया सुमारे ९३ हजारांनी अधिक भरल्या त्या मुली अधिक जन्मतात म्हणून नव्हे. गिरण्यांच्या काळापासून कोकणातला कर्ता पुरुष मुंबईची वाट धरीत आला आणि घरची बाई शेत, गोठा व म्हातारी माणसे सांभाळीत मागे राहिली. प्रगणक दारात आला तेव्हा घरात तीच होती. ११२२ हा आकडा चाकरमान्यांच्या अनुपस्थितीचा आहे. मुलींच्या स्वागताशी त्याचा काही संबंध नाही.

त्या स्वागताचा अंदाज शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांवरून येतो. तेथे रत्नागिरीचे प्रमाण २००१ साली हजारी ९५२ होते, ते २०११ साली ९३६ वर आले. निसर्गतः दर शंभर मुलींमागे सुमारे एकशेपाच मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. जिल्हा २००१ साली या रेषेवर उभा होता; दहा वर्षांत तो तिच्याखाली सरकला. याच काळात राज्य ९१३ वरून ८९४ वर घसरले आणि बीडसारखा जिल्हा ८०७ पर्यंत गेला, हे पाहता सोळांची घसरण आकांत करण्याजोगी नाही. परंतु जेथे संसाराचा निम्मा गाडा बायका ओढतात तेथेही दिशा तीच असावी, हे विचार करण्याजोगे निश्चित आहे.

गर्भलिंगचाचणी हा गुन्हा आहे हे आता बहुतेकांस ठाऊक झाले आहे. त्यामुळे पुष्कळांना दुसरा मार्ग निरुपद्रवी वाटतो : गर्भ राहण्यापूर्वीच मुलाची ‘योजना’ करावी, कोणाची हत्या नाही, कोणास पीडा नाही. या मार्गावर पहिली गाठ पडते ती तिथींशी. सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या, ही समजूत मनुस्मृतीइतकी जुनी आहे. पुत्रप्राप्तीसाठी करावयाच्या पुंसवन संस्काराची चिकित्सा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात करणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या परशुरामचे. त्यांनी ती इतिहास म्हणून नोंदली. इतिहास म्हणून वाचावयाच्या गोष्टी जेव्हा सल्ला म्हणून सांगितल्या जातात तेव्हा प्रकरण कोर्टात जाते. कीर्तनकार इंदुरीकर महाराज यांच्या सम-विषम तिथींच्या विधानावरून २०२० साली संगमनेरात खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये तो रद्द केला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. दोष सिद्ध होणे ही निराळी बाब. पण अशी विधाने कायद्याच्या कक्षेबाहेरची नाहीत एवढे त्यातून ठरले.

शास्त्र याविषयी काय म्हणते? मातेच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. पित्याच्या शुक्रजंतूत एक्स किंवा वाय. वाय असलेला जंतू बीजाशी मिळाला तर मुलगा. लिंग गुणसूत्रांवर ठरते हे १९०५ पासून माहीत आहे. तथापि तिथींचा हा सोस केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत डॉ. लँड्रम शेटल्स यांनी सहलेखकासह पुस्तक लिहून बीजमोचनाच्या दिवसाशी मेळ घातल्यास हवे ते अपत्य मिळते असे सांगितले, आणि त्याचा मोठा खप झाला. पुढे तेथल्याच संशोधकांनी २२१ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. समागमाच्या दिवसाचा अपत्याच्या लिंगाशी संबंध नाही, असा त्यांचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. तरीही असले उपाय मरत नाहीत, याचे कारण साधे आहे. काहीही सांगा, ते निम्म्या घरांत खरे ठरते. मुलगा झालेला बाप पेढे घेऊन येतो. मुलगी झालेला तक्रार करण्यास येत नाही.

पुड्या आणि काढे यांचे तसे नाही. ही औषधे बहुधा दिवस गेल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिली जातात, म्हणजे लिंग ठरून गेल्यावर. मुलगा होण्याच्या कामी त्यांचा उपयोग शून्य. परंतु गर्भाचे अवयव घडण्याचा काळ नेमका तोच. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांचा जन्मजात व्यंगांशी संबंध आढळला आहे.

राहिली ती खरोखर काम करणारी तंत्रे. एक्स आणि वाय शुक्रजंतू यंत्राने वेगळे करण्याची पद्धत प्रथम गुरांसाठी निघाली. आपल्याकडे दुग्धविकासाच्या योजनांत तसे रेतन वापरले जाते आणि दहांपैकी नऊ वेळा कालवड मिळते, असे अपेक्षित असते. गोठ्यात कालवड झाली तर आनंद आणि माजघरात मुलगी झाली तर सुस्कारा, हा विरोधाभास हिशेबी माणसाला मुळीच जाणवत नाही. कालवड दूध देणार. मुलीचा मात्र खर्चच मांडला जातो. रत्नागिरीच्या मागे राहिलेल्या बाईने आयुष्यभर जे काम केले ते या हिशेबात कोठेच जमा होत नाही.

कायद्याला ही वाट उशिरा दिसली. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. दोन्हींचा रोख गर्भ राहिल्यानंतरच्या चाचणीवर होता. २००० साली पुण्या-मुंबईतील दोन संस्था आणि एक कार्यकर्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची निवड व तिची जाहिरातही निषिद्ध ठरली. पुढे दोन मुली असलेल्या एका दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयात या तरतुदीला आव्हान दिले. आपल्याला मुलींचा द्वेष नाही, कुटुंबाचा ‘समतोल’ साधण्यासाठी मुलगा हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००७ साली न्यायालयाने तो फेटाळला. युक्तिवाद वरवर गोड होता. पण समतोल साधण्याची गरज दोन मुलींच्या घरालाच वाटते. दोन मुलगे असलेल्या घराला ती इतक्या निकडीने वाटल्याचे ऐकिवात नाही. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून जे मागितले जाते त्यात निवडावयाचे काय ते आधीच ठरलेले असते.

दापोलीजवळच्या मुरुडात जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. शरीराविषयी उघड बोलल्याबद्दल त्यांच्यावर खटले भरले गेले. लोकांनी त्यांचे संततिनियमन पुढे स्वीकारले, पण शरीरशास्त्र वगळून. कुटुंब लहान झाले. दोनच मुले हवीत, मग त्यांत एक तरी मुलगा हवाच, ही ओढ अधिक घट्ट झाली. आणि मुलगा देणारे गुणसूत्र पित्याकडून येते, हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचून उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या घरातही बोल लागतो तो सुनेलाच. गणपतीला चार दिवस गावी येऊन परत जाणाऱ्या नवऱ्याला पुडी घ्यावी लागत नाही.